किल्ली ढकलायची नसते

मित्रांनो, मी एक जुना लॅच आहे. कुलूपच, पण कडीला लोंबकळणारं नव्हे. दाराच्या पोटात बसून जन्म काढलेला, आणि आता दारावाचून उरलेला. दार ओढलं की आपोआप बंद व्हायचं आणि बाहेरून उघडायचं तर किल्ली मागायची, एवढंच माझं काम. त्यातला 'आपोआप' हा शब्द नीट लक्षात ठेवा. त्या शब्दाने एका संध्याकाळी माझ्या घरातल्या माणसांचे प्राण कंठाशी आणले होते आणि त्याच शब्दाने ते परत जागेवर बसवले. ती संध्याकाळ सांगायलाच मी बसलो आहे.

माझा जन्म अलिगढचा. तिथल्या एका अंधाऱ्या कारखान्यात पितळ आणि लोखंड घासून मला घडवलं. मग भुशाच्या खोक्यात, हमालाच्या डोक्यावरून मी लखनौच्या चारबाग स्टेशनवर उतरलो आणि निशातगंजच्या एका हार्डवेअरच्या दुकानात काचेमागे जाऊन बसलो. तिथे जयसिंगजींनी मला पाहिलं. रेल्वेतून निवृत्त होऊन त्यांनी नुकतंच घराचा वरचा मजला बांधला होता, भाड्याने द्यायला. मला तळहातावर तोलत ते दुकानदाराला म्हणाले, "भाई, ताला ऐसा हो कि चोर आए तो शरमा के लौट जाए."

"यही है साहब, चोर छोड़िए, दामाद भी न खोल पाए."

माझं आयुष्यातलं हे पहिलं कौतुक. दुकानदाराची जीभ इतकी खरी ठरेल असं तेव्हा त्यालाही वाटलं नसेल.

मित्रांनो, दारात राहणाऱ्याला एक सवय लागते. तो माणसांचा जमाखर्च मांडू लागतो. तोंडावर काय आणायचं हे माणूस ठरवू शकतो, किल्ली कशी फिरवायची हे त्याला ठरवता येत नाही. कचेरीत बोलणी खाऊन आलेला माणूस जिना चढताना शीळ घालतो, पण माझ्या तोंडात किल्ली अशी कोंबतो की साहेबाचं नावच मला कळावं. उशिरा आलेला नवरा किल्ली इतकी हळू घालतो की त्या हळूपणानेच घर जागं होतं. मी कधी कोणाचं उघड केलं नाही. फक्त नोंद ठेवली.

पहिला भाडेकरू भडक डोक्याचा होता. एके दिवशी माझ्या किल्लीने क्षणभर आढेवेढे घेतले, तर त्याने पक्कड आणून ती पिळली. माझ्या पोटातली एक पातळ पट्टी वाकली. तेल नाही, दुरुस्ती नाही. तो घर सोडून गेला, वाकलेली पट्टी मला ठेवून. तेव्हापासून माझी रीत अशी झाली: किल्ली जोर लावून शेवटपर्यंत ढकलली, तर ती त्या पट्टीवर चढते आणि अडकते. जितका जोर, तितकी घट्ट. पण सैल हाताने आत सोडली, तर ती आपली आपण जागा शोधते आणि लोण्यात फिरावी तशी फिरते. यात कसलंही कौशल्य नाही. फक्त हाताने किल्लीच्या कामात लुडबूड करायची नाही.

जयसिंगजी मला 'नखरेवाला' म्हणू लागले.

मग हे मराठी कुटुंब आलं. हेमचंद्र, त्यांची बायको चित्रा आणि कडेवरची जुई. मूळचे साताऱ्याचे. हेमचंद्र एका संशोधन संस्थेत वनस्पतींवर काम करायचे, म्हणून जयसिंगजी त्यांना 'डॉक्टर साहब' म्हणत. माणूस सरळ, मायाळू, पण हात परीक्षेला बसल्यासारखा. माझ्यासमोर उभं राहायचं, चष्मा वर सरकवायचा, श्वास धरायचा आणि किल्ली ढकलायची. मी अडायचो. ते आणखी ढकलायचे. शेवटी आत हाक जायची, "अगं, जरा उघड बघू! हा तुझा लाडका ऐकत नाही."

चित्राचा हात मात्र मला आलेला कळायचाही नाही. दुपारी खालून भाजीच्या गाडीवाल्याची हाक आली की ती जुईला आत खेळत ठेवून धावत खाली जायची. परत आली की हातात पिशवी, खांद्यावरून घसरणारा पदर, आणि दाराबाहेरूनच खेळ सुरू.

"जुई, ओळख पाहू, काय आणलं?"

आतून बोबडं उत्तर यायचं. जुई दिवसभर खाली जयसिंगजींच्या नातवंडांत असायची, त्यामुळे तिच्या मराठीत हिंदी मिसळलेलीच. "लौकी?"

"अं हं."

"भिंडी लायी?"

"पुन्हा सांग!"

या सवाल-जवाबात किल्ली कधी आत आली आणि मी कधी फिरलो, हे तिलाही कळत नसे आणि मलाही. एवढ्या वर्षांत इतक्या हातांचा हिशेब मांडला, पण या हाताच्या नावे लिहायला माझ्याकडे कधी काही नसायचं. याहून मोठी शाबासकी मला ठाऊक नाही.

चौऱ्याण्णव सालचा एप्रिल आला आणि घोटाळा झाला. घोटाळ्याचं कारण व्याख्यान.

मराठी माणूस चार जिल्हे ओलांडून गेला की आधी मंडळ काढतो, आणि मंडळ निघालं की व्याख्यानमाला आलीच. लखनौत तेव्हा गरम वाऱ्याने पत्रे तापत, तरी आमच्या लोकांची व्याख्यानमाला वसंतातच. त्या वर्षी एक पुष्प हेमचंद्रांना मिळालं. विषय त्यांनीच निवडला: प्राचीन चीनमधला ताओ विचार आणि त्यातली 'वू वेइ' ही कल्पना. म्हणजे न करता करणं. पाणी जसं उताराला लागतं तसं काम हातून होऊ द्यायचं, मध्ये आपण उभं राहायचं नाही. हे सगळं ते चित्राला जिन्यात मोठ्या उत्साहाने समजावत होते, आणि समजावताना दोन्ही हातांनी माझ्यात किल्ली कोंबत होते.

"अहो, सरका बाजूला," चित्रा म्हणाली. तिने एका हातात दुधाची पिशवी धरली होती. दुसऱ्या हाताने मी उघडलो.

हेमचंद्र तिथेच थांबले. चष्म्याआड त्यांचे डोळे चमकले. "अगं, हेच! हेच तर वू वेइ! माझ्या व्याख्यानाला उदाहरण मिळालं. पुन्हा कर."

"काय पुन्हा करू?"

"दार लाव आणि उघड. पण या वेळी नीट लक्ष दे. मला सांग, तू नेमकं काय करतेस?"

मित्रांनो, एखाद्याचा हात बिघडवायचा असेल तर त्याला फार काही करावं लागत नाही. एवढा एक प्रश्न पुरे.

चित्राने दार लावलं. किल्लीकडे पाहिलं. आपल्या बोटांकडे पाहिलं, जणू ती शेजारणीची बोटं. आधी आत, मग जरा वर, का आधी मागे? तिने किल्ली घातली, आणि पहिल्यांदाच, मला तिचा हात लागला. जड, घामेजलेला, विचारी. मी अडलो.

"असं कसं झालं?" ती हसली. पुन्हा केलं. पुन्हा अडलो. तिसऱ्यांदा ती हसली नाही.

हेमचंद्र हार मानणारे नव्हते. त्यांनी दुसऱ्या दिवशी तिला वेगवेगळ्या तऱ्हेने किल्ली फिरवायला लावली, निरीक्षण केलं आणि एक कागद टंकित करून आणला. 'कुलूप उघडण्याची पद्धत.' किल्ली पूर्ण आत. केसभर मागे. किंचित वर उचलून डावीकडे. तो कागद त्यांनी डिंकाने माझ्या शेजारीच दाराला चिकटवला. प्रयत्नाविना कर्म या विषयाची टिपणं काढणाऱ्या माणसाने हे केलं, हे मी मुद्दाम सांगतो. माझा काही आकस नाही. जमेच्या बाजूला जमा आणि खर्चाच्या बाजूला खर्च, एवढंच.

त्या दिवसापासून चित्रा भाजी घेऊन वर आली की खेळ बंद. ती कागद वाचायची. आतून जुई विचारायची, "आई, काय आणलं?" आणि ही म्हणायची, "थांब गं जरा, बोलू नकोस, लक्ष जातं माझं." कधी अडायचो, कधी खूप झटापटीनंतर उघडायचो. ती मला घाबरू लागली. माझ्याकडे यायच्या आधी पदराला हात पुसायची. भाजीवाल्याची हाक आली की जुईला कडेवर घेऊनच खाली जायची.

आणि मग ती संध्याकाळ.

चित्राने चैत्रगौरीचं हळदीकुंकू ठेवलं होतं. बाहेरच्या खोलीत कोपऱ्यात आरास मांडली, पितळी झोपाळ्यात गौर बसवली, आणि तिच्यापुढे जमिनीवर पाटाशेजारी समई लावली. कैरीची डाळ, पन्हं, ओटीला भिजवलेले हरभरे. बाहेर लू, म्हणजे तिकडचा उन्हाळी झळांचा वारा, वाहत होती, म्हणून सगळ्या खिडक्या आतून खिट्ट्या लावून बंद. कोणी चिनहटहून आल्या होत्या, कोणी अलीगंजहून, आणि कितीतरी दिवसांनी पोटभर मराठी बोलायला मिळाल्यामुळे घरात नुसता कलकलाट होता. हेमचंद्रांना बायकांनी आधीच हुसकावलं होतं. ते खाली जयसिंगजींच्या ओसरीत बसून व्याख्यानाची उजळणी करत होते.

आपल्या बायकांचा निरोप तुम्हाला ठाऊक आहे. 'येते हं' हे आत म्हणायचं. मग उंबऱ्यात उभं राहून खरं बोलायला लागायचं. मग जिन्यात, मग फाटकात. फाटकापर्यंत पोचवायला न जाणं म्हणजे पाहुण्याला हाकलणंच. शेवटच्या पाहुण्या लतिकावहिनी. बँकेतल्या साहेबांची बायको, मंडळातलं मोठं प्रस्थ, कोणतंही काम दुसऱ्याच्या हातून काढून स्वतः करणाऱ्या. चित्राने त्यांच्यासाठी कॉफीचं दूध गॅसवर ठेवलं होतं.

"नको गं कॉफी, उशीर झाला. गॅस बंद कर."

"करते. चला, फाटकाशी येते."

आणि बोलता बोलता दोघी खाली उतरल्या. गॅस तसाच राहिला. जुई आराशीपुढे हरभरे मांडत बसली होती. "आले हं लगेच," असं चित्रा म्हणाली होती, दार उघडंच ठेवून.

जिन्यातून वाऱ्याचा एक तापलेला लोट वर आला. दार सणसणत आलं आणि मी माझं काम केलं. आपोआप.

आवाज फाटकापर्यंत गेला. चित्राची किल्ली तिच्या कमरेच्या छल्ल्यातच होती, म्हणून ती घाबरली नाही. दोन-दोन पायऱ्या चढत वर आली, मागून धापा टाकत लतिकावहिनी. उंबऱ्याच्या फटीतून दूध उतू गेल्याचा करपट वास येत होता. चित्राने किल्ली घातली. तिने शेजारचा कागद वाचला. पूर्ण आत. केसभर मागे.

मी अडलो.

"आई?" आतून जुई. "हवेने दार बंद केलं."

"हो सोनू. उघडते हं."

आणि तेव्हा तो दुसरा वास आला. करपटपणाच्या खालून, थंड, कुजकट. उतू गेलेल्या दुधाने ज्योत विझवली होती. गॅस मात्र चालूच होता.

लतिकावहिनींनी वास घेतला आणि सवयीने बेलकडे हात नेला.

"बेल नको!" हेमचंद्र जिना चढत ओरडले. हातात व्याख्यानाचे कागद तसेच. "ठिणगी पडेल! जयसिंगजी, नीचे से मेन बंद कीजिए, जल्दी!"

खालून आवाज आला, "कर दिया! गैस है क्या डॉक्टर साहब?"

"गॅस आहे, आणि आत समई लावली आहे," चित्रा म्हणाली. तिचा आवाज तिचा वाटत नव्हता. "जमिनीवर."

हा वायू हवेपेक्षा जड असतो आणि जमिनीवरून सरपटत येतो, हे हेमचंद्रांना सांगायची गरज नव्हती. स्वयंपाकघरापासून समईपर्यंत मधे फक्त एक उंबरा होता. मी दारात होतो मित्रांनो, एक बाजू आत आणि एक बाहेर. आतल्या बाजूला माझी गोल मूठ होती, एका फिरवणीत उघडणारी. पण ती मोठ्या माणसाच्या छातीइतकी उंच. जुई तिच्या निम्म्यालाही पुरत नव्हती.

"दे इकडे," म्हणत लतिकावहिनींनी किल्ली ताब्यात घेतली. त्यांनी ती अशी पिळली की माझी वाकलेली पट्टी कळवळली. किल्लीची मान किंचित वाकली.

"वहिनी, तुटेल! एकच आहे," हेमचंद्र म्हणाले. त्यांची स्वतःची किल्ली आत खुंटीवरच्या पँटमध्ये होती.

"मग तुम्ही उघडा!"

हेमचंद्रांनी चष्मा वर सरकवला आणि स्वतःच लिहिलेला कागद मोठ्याने वाचत किल्ली घातली. "पूर्ण आत... केसभर मागे... किंचित वर..." मी काय करू? मला वाचता येत नाही. मला फक्त हात कळतो, आणि तो हात भीतीने दगड झाला होता.

जयसिंगजी सब्बल, म्हणजे पहार, घेऊन वर आले. "हटिए सब. दरवाज़ा तोड़ते हैं."

"लोखंडाची पट्टी आहे दाराला, ठिणगी उडेल," हेमचंद्रांनी त्यांचा हात धरला. "एक चिनगारी बस है, जयसिंगजी."

"तो क्या खड़े-खड़े देखें?"

हेमचंद्र जिना उतरून मागच्या गल्लीत धावले, खिडकीला गज आहेत हे ठाऊक असूनही.

चित्रा दाराला गाल लावून खाली बसली. "जुई, माझं ऐक. गौरीपुढचा दिवा आहे ना, तो फुंकर मारून विझव. वाढदिवसाला मेणबत्ती विझवतो तशी. फू कर."

आतून जुई म्हणाली, "नाही."

"का गं?"

"देवाचा दिवा फुंकायचा नसतो. तूच म्हणालीस. गौर गुस्सा करेगी."

खरंच होतं. सकाळीच पोरीने समईवर फुंकर मारायला गाल फुगवले होते आणि चित्राने तिला दटावलं होतं. देवाच्या दिव्याला तोंडचा वारा लावायचा नसतो, तो आपला आपण शांत होऊ द्यायचा. लेकीने शब्द न् शब्द लक्षात ठेवला होता.

"आज फुंकलेलं चालतं. मी सांगते ना."

"नाही चालत."

"अगं कार्टे, फुंक!" लतिकावहिनी ओरडल्या. "फुंक म्हणते ना!"

जुई रडायला लागली. मग रडणं दारापासून लांब जाऊ लागलं. कोपऱ्याकडे. गौरीकडे. आणि मग थांबलं.

त्या शांततेत मला समईच्या वातीची तडतड ऐकू येत होती. वास आता जिन्यातही दाट झाला होता. जयसिंगजींनी सब्बल दोन्ही हातांत उचलून धरली, ठिणगी तर ठिणगी. लतिकावहिनी रामाचं नाव घेऊ लागल्या.

चित्रा उठून उभी राहिली. तिचा हात किल्लीवर पडला, पण तिचं लक्ष किल्लीवर नव्हतं. कागदावर नव्हतं. माझ्यावर तर मुळीच नव्हतं. त्या क्षणी तिला दार उघडायचंही नव्हतं. तिला फक्त पोरीला त्या दिव्याजवळून उठवायचं होतं, या बाजूला, दाराकडे आणायचं होतं. आणि तिच्या तोंडून, कोणी शिकवल्यावाचून, तिच्या रोजच्या दुपारच्या आवाजात निघालं:

"जुई, ओळख पाहू, काय आणलं?"

आत पावलं. जरा थांबून.

"...लौकी?"

"अं हं."

पावलं जवळ आली. नाक ओढल्याचा आवाज. "भिंडी लायी?"

"पुन्हा सांग!"

"तरबूज!" आता ती अगदी दाराशी होती.

"तरबूज एवढं मोठं मी वर कशी आणेन गं, वेडे," चित्रा म्हणाली, आणि तिचा हात आला.

मला तो आलेला कळला नाही. कित्येक दिवसांनी पुन्हा माझ्याकडे लिहायला काही नव्हतं. वाकलेल्या मानेची किल्ली आपली आपण जागेवर बसली, पट्टी बाजूला झाली, आणि मी फिरलो.

टक.

चित्राच्या अजून ते लक्षात आलं नव्हतं. ती पुढचा प्रश्न विचारणारच होती. दार तिच्या वजनाने आत गेलं तेव्हा कुठे ती दचकली. मग जे झालं ते डोळ्याला पकडता येईना. जुई उचलली आणि मागे जयसिंगजींच्या अंगावर फेकल्यासारखी दिली. त्यांनी सब्बल जिन्यात टाकली नाही, भिंतीला टेकवली आणि मग पोरीला छातीशी धरलं, ही त्या माणसाची सावधगिरी मी मुद्दाम नोंदवून ठेवली आहे. चित्रा कोपऱ्यात पोचली, वाकली, आणि समईवर फू करून जोराची फुंकर मारली. मग गॅसचा खटका, मग एकामागून एक खिडक्या. लू आत शिरली. त्या दिवशी त्या तापलेल्या वाऱ्याला कोणी शिव्या दिल्या नाहीत.

पुढचं मला नंतर घरातल्या बोलण्यातून कळलं. सगळे फाटकाबाहेर चिंचेखाली जाऊन उभे राहिले. गल्लीतून धापा टाकत हेमचंद्र आले आणि त्यांनी जुईला इतकं घट्ट धरलं की ती कुरकुरली. लतिकावहिनींनी चित्राला कट्ट्यावर बसवलं आणि आयुष्यात प्रथमच काही सल्ला दिला नाही.

जुई मात्र आईकडे रागाने बघत होती.

"आई, तू फुंकलंस."

"हो."

"देवाचा दिवा."

"हो गं बाई."

"आणि काय आणलं?"

चित्राने आपल्या रिकाम्या हातांकडे पाहिलं. उघडे पंजे, काहीच नव्हतं त्यांत. ती हसायला लागली, आणि हसता हसता तिला असं रडू फुटलं की जयसिंगजींनी तोंड फिरवलं आणि उगीच फाटकाची कडी तपासू लागले.

रात्री वास निघून गेल्यावर हेमचंद्र वर आले. दाराला चिकटवलेला कागद त्यांनी नखाने खरवडून काढला. डिंकाचा डाग मात्र राहिला. "अगं," त्यांनी विचारायला तोंड उघडलं, "तू नेमकं—"

चित्राने त्यांच्याकडे पाहिलं.

"काही नाही," ते म्हणाले.

व्याख्यान झालं म्हणे. मी दारातून हललो नाही, त्यामुळे जे कानावर आलं तेच सांगतो. त्यांनी टिपणं घडी घालून खिशात ठेवली, ही गोष्ट सांगितली आणि खाली बसले. मालेतलं सगळ्यांत छोटं व्याख्यान म्हणून मंडळात कुरकूर झाली. चहासुद्धा तोवर उकळला नव्हता.

मला दुसऱ्याच आठवड्यात काढलं. त्यात कोणाचं चुकलं नाही. लहान पोर असलेल्या घराला माझ्यासारखा नखरेवाला परवडत नाही. जयसिंगजींनी नवा लॅच आणला, आडदांड, कोणाच्याही हाताने उघडणारा. हेमचंद्रांनी माझे स्क्रू हलक्या हाताने काढले. इतक्या हलक्या, की हाच हात आधी किल्लीला लागला असता तर बरं झालं असतं, असं मनात आलं. त्यांनी मला कोपऱ्यातल्या डब्यात ठेवलं आणि त्यांची बदली झाली तेव्हा तो डबा सामानाबरोबर नेला.

आता जुई शाळेत जाते. ती मला खेळायला घेते. परवा तिने बाहुल्यांचं घर मांडलं होतं आणि मी त्याचा दरवाजा. बाहुलीशी ती बडबडत होती, "ओळख पाहू, काय आणलं?", आणि हातातली वाकलेल्या मानेची किल्ली माझ्यात तशीच, न बघता, फिरवली. टक. मी उघडलो. ती चमकली. मला डोळ्यांजवळ आणून, किल्ली नीट धरून, जीभ दातांत दाबून पुन्हा फिरवायला गेली.

मी नाही फिरलो. म्हाताऱ्याची एवढी खोड चालवून घ्या.

मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखं कुणीतरी असेल. अडणारी कडी, रुसणारा नळ, करकरणारं बिजागर. त्याला पक्कड लावू नका. वेळेवर दोन थेंब तेल घाला, पेन्सिलीचं शिसं घासून चिमूटभर टाका, आणि हात सैल सोडून बघा. गॅसवर दूध असताना पाहुण्यांना पोचवायला जाऊ नका, त्यांना कितीही राग येवो. आणि घरात कोणाचा हात एखादं काम सहज करत असला, आई भाकरी थापत असली, बाबा गाठ मारत असले, आजी सुईत दोरा ओवत असली, तर त्या वेळी शेजारी उभे राहून 'नेमकं काय करतेस' असं विचारू नका.

शेजारी बसा. भाजीत काय आणलं, ते विचारा.